वरठीच्या प्लॉटवरचं अंधुक घर

माझा धंदा नसलेली घरं दाखवण्याचा आहे. नागपूरच्या एका आर्किटेक्टकडून नकाशे येतात. मी ते कॉम्प्युटरवर उभे करते, भिंतींना रंग देते, सकाळचं ऊन पाडते, दाराशी चपला ठेवते, आणि ज्याने अजून पायाही खणलेला नाही अशा माणसाला त्याचं घर फोटो काढल्यासारखं दाखवते. चार वर्षं नागपुरात ऑफिसात बसून हे केलं, आता भंडाऱ्याकडच्या, करडीजवळच्या आमच्या गावी घरी बसून करते. गावातल्या बायका विचारतात, "दिवसभर त्या टीव्हीसमोर करते काय वो बाई?" मी म्हणते, "घरं बांधते." त्या हसतात आणि धानाच्या रोवण्याला निघून जातात.

दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ही म्हण कोणी ऐकवली की मी पूर्वी म्हणायचे, बरं आहे, त्याच्यावरच माझं पोट चालतं. हे उत्तर मी आता देत नाही.

गोष्ट दादाच्या फोटोची आहे. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. वरठीच्या स्टील कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली कामाला आहे, रोज मोटरसायकलने जातो-येतो. आई गेल्याला बरीच वर्षं झाली. गावच्या घरात बाबा आणि तो, नागपुरात मी, असं आमचं चाललं होतं. घर कवेलूच्या छपराचं, मातीच्या भिंतींचं, पावसाळ्यात कोपऱ्यात गळतीखाली गंज-पातेली मांडून ठेवावी लागणारं. बाबांनी कधीकाळी वरठीला, स्टेशनपासून थोडं आत, एक प्लॉट घेऊन ठेवला होता. त्यावर बंगला बांधायचा, हे बाबांचं आवडतं बोलणं. बोलण्यापलीकडे तो बंगला कधी गेला नाही. प्लॉटवर मुरुमाचा एक ढीग, चार कोपऱ्यांना चार दगड आणि मागच्या अंगाला चिंचेचं झाड, एवढंच होतं.

एका उन्हाळ्यात मी रविवारची घरी आले, तर दादा माझ्याभोवती घुटमळायला लागला. हा माणूस काम असल्याशिवाय बहिणीला पाणीसुद्धा विचारत नाही, आणि त्या दिवशी त्याने मला रसवंतीवरून उसाचा रस आणून दिला होता. मी म्हटलं, बोल.

"एक फोटो बनवून दे," तो म्हणाला. "वरठीच्या प्लॉटवर घर झालं असं. बाबाले दाखवाचं आहे. त्यायच्यानं आता बांधनं होत नाही, माह्यानं कवा होईन मालूम नाही. फोटोत त पाहू दे. मले समोर उभा कर, मांग घर दाखव. पन खरं वाटलं पाहिजे."

मला भरून आलं. दादाला असं काही सुचतं हेच मला नवीन होतं. परक्यांची घरं मी महिन्याला दहा उभी करते, आणि आपल्या बापाचं एक घर आजवर आपल्या मनात आलं नाही, याची लाजही वाटली.

पहिला फोटो मी एका बैठकीत केला. दादाला प्लॉटवर नेऊन मोबाइलने त्याचा फोटो काढला आणि त्याच्या मागे घर बसवलं. पिवळसर भिंती, पुढे व्हरांडा, चार खिडक्या, गच्चीला स्टीलचा कठडा. दादाने पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "हे चिपकवल्यावानी दिसते." राग आला, पण त्याचं खरं होतं. दादाच्या मिशीचा केस न केस दिसत होता आणि तितकाच साफ मागच्या गच्चीच्या कठड्याचा स्क्रू दिसत होता.

माणसाचा डोळा काय आणि कॅमेरा काय, एका वेळी एकाच अंतरावरचं त्याला नीट दिसतं. दहा फुटांवरच्या माणसावर नजर ठरली की मागचं घर थोडं विरघळतं. आमच्या धंद्यात याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. कॉम्प्युटरला त्याचं त्याला हे कळत नाही. तळहातावरचा तीळ आणि कोसभरावरचं झाड त्याला सारखंच साफ दिसतं. चित्र खरं वाटायचं असेल तर त्याला थोडं कमी पाहायला शिकवावं लागतं.

मग दुसऱ्या फोटोत मी मागचं घर चांगलं दणकून धूसर केलं. मोबाइलवाले करतात तसं, मागे नुसता लोण्याचा गोळा. तो बाबांना दाखवला. बाबांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "हे त तान्ह्या पोळ्याचं दिसते."

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान पोरं चाकं लावलेले लाकडी बैल सजवून मिरवतात. बाबांना म्हणायचं होतं, घर खेळण्यातलं वाटतं. बाबा सातवी शिकलेले, पण त्यांनी अगदी तिथेच बोट ठेवलं जिथे चार वर्षं काम केलेल्या पोरांचं चुकतं. इतकं दाट धूसर आपल्याला केव्हा दिसतं? हातातली वस्तू अगदी डोळ्याजवळ धरली, म्हणजे मागचं सगळं विरघळतं. नजरेला ती सवय असते. म्हणून मोठ्या इमारतीला तसा ब्लर दिला की नजर म्हणते, ही वस्तू वीतभरच असणार. मोठं घर मोठं वाटायचं तर अंधुकपणा मोजून, हात आखडता ठेवून द्यावा लागतो. आणि घरामागचं झाड घराहून थोडंच जास्त अंधुक करायचं. दूर गेलं की ब्लर वाढतच जातो असं नवशिक्यांना वाटतं, पण एका अंतरानंतर तो फारसा वाढत नाही.

मी चिडले की काम चांगलं करते. पुढच्या रविवारी ऑफिसातला खरा कॅमेरा मागून आणला. आम्ही तिघं वरठीला प्लॉटवर गेलो. दादाला दहा फुटांवर उभं केलं. तिथून पुढे पावलं मोजून, जिथे बंगल्याचं दार आलं असतं नेमकं तिथे, चाळीस फुटांवर, बाबांना उभं केलं आणि त्यांचा खांद्यावरचा चौकड्यांचा दुपट्टा दोन्ही हातांनी ताणून धरायला सांगितला. फोकस दादावर ठेवून फोटो काढला आणि मागे दुपट्ट्याच्या चौकड्या एकमेकींत किती मिसळतात ते पाहिलं. लेन्सचं भोक लहान-मोठं करत असे पंधरा-वीस फोटो काढले. मे महिन्याचं ऊन होतं. बाबा अर्धा तास दुपट्टा धरून उभे राहिले.

तिथूनच ओरडून त्यांनी विचारलं, "चौकड्या दिसते का वो?"

"दिसते, पन मोजता येत नाही."

"मंग बराबर आहे. तेवढंच ठेव."

मी तेवढंच ठेवलं. घर पुन्हा केलं, या वेळी कॉम्प्युटरमधल्या कॅमेऱ्याला तीच लेन्स, तेच भोक, तेच अंतर दिलं. तयार चित्रावर वरून धूसरपणा फासला की माणसाच्या कानाभोवती पांढरट कडा येते आणि तिथे चोरी पकडली जाते, म्हणून ते केलं नाही. कठड्याच्या सळया दिसाव्यात पण मोजता येऊ नयेत, ऊन पडलेला स्टीलचा तुकडा टोकदार न चमकता बारीक गोल ठिपका होऊन पसरावा, इतकं सगळं सांभाळलं. चिंचेचं झाड खऱ्या फोटोतलंच राहू दिलं. शेवटी एक गोष्ट मी माझ्या मनाने घातली. घरात कोणी राहतंय असं वाटल्याशिवाय घर खरं होत नाही, म्हणून गच्चीवर दोरी बांधली आणि तिच्यावर आईचं विटकरी लुगडं वाळत टाकलं. अंधुकच, लुगडं आहे एवढं कळावं इतपत.

बाबांनी तो फोटो मोबाइलवर आधी हात लांब करून पाहिला, मग जवळ आणून पाहिला. लुगड्यावर बोट ठेवलं. डोळे भरून आले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवशी नागपूरला परत जाताना एसटीत मी खिडकीला डोकं टेकून रडले, इतकं की शेजारच्या बाईने विचारलं, सासरी चालली का; आणि मला तर फार बरं वाटत होतं.

त्याच हिवाळ्यात दादाचं लग्न जुळलं. त्याआधी तीन ठिकाणी फिसकटलं होतं. मुलीकडचे यायचे, कवेलूकडे पाहायचे, चहा प्यायचे आणि नंतर त्यांचा फोन लागायचा नाही. चौथं स्थळ साकोलीकडचं. मुलीला वडील नव्हते, मामाकडे वाढलेली, शिवणकाम शिकलेली. मामा एकटेच येऊन घर पाहून गेले आणि आठ दिवसांत होकार आला. मी नागपुरातून फोनवर दादाला चिडवलं, तुझ्या मिशीने काम केलं म्हणून. तो हसला. फोटोने काम केलं हे तेव्हाच बोलला असता, तर पुढचं काही झालं नसतं.

लग्नानंतर दोन महिन्यांनी आमच्या ऑफिसने जागा सोडली, सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं. मी गावी परतले. वहिनी माझ्याहून वर्षभराने लहान. पहिले दोन दिवस ती मला ताई-तुम्ही करत होती, तिसऱ्या दिवशी ताई-तूवर आली. ओसरीत एका बाजूला तिची शिलाई मशीन आणि दुसऱ्या बाजूला माझा कॉम्प्युटर. मी घराला रंग लावायचे आणि ती मान वळवून सांगायची, "हा कलर नको करू, पेशंटच्या वार्डावानी वाटते." तिचं बरोबर असायचं. आई गेल्यापासून घरात मला टोकणारं कोणी नव्हतं. मला ती फार आवडायला लागली होती, हे सरळच सांगते.

श्रावणातली एक दुपार. दादा ड्युटीवर, बाबा धानाच्या बांधीत. वहिनीने आपली लग्नातली पेटी ओसरीत ओढून आणली आणि आतून कापडाची एक जाडजूड घडी काढली. घडी उघडली तर पडदे. मोरपंखी रंगाचे आठ पडदे, वर कड्या ओवायच्या पट्ट्यांसकट शिवलेले.

"हे कोनाचे?" मी विचारलं. आमच्या घराच्या खिडक्या हातभर, त्यांना पडदे कधी लागले नव्हते.

"वरठीच्या घराचे," ती म्हणाली. "चार खिडक्या, जोडी-जोडीनं आठ. मामाच्या घरीच शिवले लग्नाच्या आधी. माप फोटोवरून काढलं. दार सात फुटाचं धरलं, त्याच्याच लाइनीत खिडकी आहे, त टेपनं स्क्रीनवर मोजून हिशोब केला. साडेचार फूट आली. पन अंधुक आहे ना ते, काठ बराबर समजत नव्हता, म्हून खाली दोन इंच जास्त दुमडून ठेवले."

असं म्हणून तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. फोटोत दादा उभा होता, मागे माझं घर.

मला आधी काय वाटलं ते सांगायलाही संकोच होतो. पहिला विचार कारागिराचा आला. दादाच्या कानाची कड पाहिली, स्वच्छ होती. खिडकी मी खरोखर साडेचार फुटांची केली होती. धूसर चित्रातून, मोबाइलच्या पडद्यावर शिवणाची टेप लावून, तिने ती नेमकी काढली होती. क्षणभर मला अभिमान वाटला, दोघींचाही. आणि मग डोक्यात शिरलं, हा फोटो तिच्याकडे कसा?

"स्थळाच्या वक्ती आला होता हा," तिने सांगितलं. "बायोडाट्यासंग. तुहे दादा म्हनतात घर भाड्यानं देल्लं आहे, भाडेकरू निघाले का आपन जाऊ. मले पटलं. गच्चीवर लुगडं वाळून राहिलं ना कोनाचं तरी." ती माझ्याकडे बघत होती. "ताई, कवा निघतीन ते भाडेकरू?"

माझ्या आईचं लुगडं. त्याच्यावर दादाने भाडेकरू बसवले होते.

त्या वेळी मला खरं सांगता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं. पण मला त्या क्षणी फक्त माझंच दिसत होतं, दादाने मला वापरलं, माझ्या बापाच्या नावाने माझ्याकडून हे करून घेतलं. आधी त्याला जाब विचारायचा, मग काय ते सांगायचं, घरातली गोष्ट आहे, असं काहीतरी मनात आलं. आणि मी म्हणाले, "दिवाळीनंतर निघतीन."

"बरं," ती म्हणाली, आणि पडद्यांची पुन्हा घडी घालून पेटीत ठेवली.

संध्याकाळी दादाची मोटरसायकल अंगणात आली तेव्हा मी तिथेच उभी होते. हेल्मेट काढायच्या आधीच विचारलं, तो फोटो वहिनीकडे कसा गेला. तो आधी हसला, मग माझं तोंड पाहून हसायचा थांबला.

"हळू बोल," म्हणाला. "कधी ना कधी घर होनारच आहे ना तिथं. खोटं काय त्याच्यात?"

"तू म्हनला होता बाबाले दाखवाचं आहे."

"दाखवलं ना बाबाले."

मी म्हटलं, तू माझा केसाने गळा कापला. त्यावर तो उसळला. "अन् तू काय करते वो? नागपूरच्या बिल्डरले बनवून देते, ते लोकायले दाखवून विकतात. तवा चालते. माह्या एका लग्नासाठी नाही चालत?"

"त्याच्या खाली लिहिलं रायते, हे कल्पनाचित्र आहे म्हून. तू काहून नाही लिहिलं?"

त्यावर त्याने दुसरंच काढलं. वहिनीच्या मामांनाही माहीत होतं, तो म्हणाला. मामांना त्याने प्लॉट दाखवायला नेलं होतं. रिकामी जागा पाहून मामा म्हणाले, जागा चांगली आहे, पोरीला आता काही सांगू नका, लग्न होऊ द्या, मग बांधाल सावकाश. घरी जाऊन त्यांनी भाचीला सांगितलं, घर पाहून आलो, मस्त आहे. म्हणजे मामाही यातले. दादाने हे असं सांगितलं की जणू त्यामुळे त्याची बाजू बळकट झाली.

मी म्हटलं, रविवारपर्यंत तू स्वतः वहिनीला सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन. तो मान हलवून आत गेला.

रात्रभर मी एकच धरून बसले होते, बाबांना हे कळलं तर काय होईल. त्यांच्या घराचा, त्यांच्या बायकोच्या लुगड्याचा असा उपयोग केला हे त्यांना सहन होणार नाही. सकाळी ते बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, बसले होते तिथे मी गेले. पाण्यात धान हिरवंगार उभं होतं. मी फार जपून सुरुवात केली. चार वाक्यांतच त्यांनी मला हाताने थांबवलं.

"मालूम आहे मले," ते म्हणाले.

"कवापासून?"

"तुह्यासमोर दुपट्टा धरून उभा होतो, त्याच्या आधीपासून."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बाबा पायाजवळचं गवत उपटत बोलत राहिले. तीन जागी नाही म्हणाले होते. पोरगा तेहतिशीला टेकला होता. घरात बाई माणूस नाही, दोन पुरुष चुलीजवळ बसून भात करपवतात. दादाने त्यांना सांगितलं होतं की फोटो बायोडाट्यासाठी आहे, पण मला ते सांगायचं नाही, मी नाही म्हणेन. "अन् तू नाहीच म्हनली असती," बाबा म्हणाले. "तुह्या आईवानी आहेस. म्हून तुले माहं नाव सांगतलं."

"मंग रडले कायले तुमी फोटो पाहून?"

"ते खरं होतं," बाबा म्हणाले. "त्याच्यात खोटं नाही."

मी अजून त्या उत्तराचं काय करावं ते ठरवू शकलेले नाही. दादावर चिडता येतं, भांडता येतं, लहानपणापासून त्याची सवय आहे. बाबांचं काय करायचं? आपलेच दात आणि आपलेच ओठ. अर्धा तास उन्हात उभा राहिलेला तो माणूस मला सारखा दिसत होता. चौकड्या दिसतात का, असं त्याने मायेने विचारलं असं मी वर्षभर समजत होते. खरं म्हणजे तो, फोटो होणाऱ्या सुनेला पटेल की नाही, याची खात्री करून घेत होता. डोक्यावर हात ठेवला तो शाबासकीचा होता की माफीचा, हेही विचारायचं होतं. विचारलं नाही. भांडी घासायची राहिली आहेत असं काहीतरी बडबडून मी घरी आले.

रविवार आला. दादाने सकाळी मोटरसायकल धुतली, दुपारी झोपला, संध्याकाळी चौकात जाऊन बसला. वहिनीने त्याला दोनदा चहा दिला, दोनदा त्याने घेतला. दोन्ही वेळा मी कॉम्प्युटरच्या आडून बघत होते. त्याने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. माझ्यात आणि त्याच्यात काही बोलणं झालं होतं, हेच जणू त्याच्या लक्षात नव्हतं.

सोमवारी दहाच्या सुमारास, दादा गेल्यावर, मी वहिनीजवळ जाऊन बसले. ती ओसरीत सुपात लाखोळीची डाळ निवडत होती. चुलीवर भात शिजत होता. मी सगळं सांगितलं. वरठीला घर नाही, फक्त प्लॉट आहे. फोटोतलं घर मी कॉम्प्युटरवर केलेलं आहे. ते खरं वाटावं म्हणून कसं अंधुक केलं, बाबांना कुठे उभं केलं, लुगडं कोणाचं आहे. मला काय सांगून माझ्याकडून ते करून घेतलं. दादा काय बोलला, बाबा काय बोलले. सांगताना माझा आवाज चढत गेला. मला वाटत होतं आम्ही दोघी एकाच बाजूला आहोत, दोघींना एकाच माणसाने फसवलं आहे, आता ती रडेल आणि मी तिला धरीन. खरं सांगायचं तर मी तिच्या रडण्याची वाटच पाहत होते.

ती डाळ निवडत राहिली. मामांचं सांगितलं तेव्हा मात्र तिचा हात सुपातच थांबला.

"मामाचं मले मालूम नव्हतं," ती म्हणाली. पुन्हा खडे वेचायला लागली. "बाकी मालूम होतं."

मी विचारलं, काय मालूम होतं.

"त्या बुधवारी भंडाऱ्याले दोरा आनाले गेली होती ना मी. तिथून ऑटोनं वरठीले गेली. म्हटलं बाहेरून त पाहून येऊ, पडदे शोभतीन का नाही. टेशनजवळ चहावाल्याले फोटो दाखवला. तो म्हने, बाई, असं घर इकडं नाही. मंग मी पायी फिरली. चिंच ओळखली मी, फोटोतल्यावानीच आहे. तिच्या पुढं मुरुम पडून आहे." ती हे सगळं डाळीकडे पाहत सांगत होती. "तिथं उभी होती त समजलं, हे कॉम्प्युटरचं काम आहे. अन् आपल्या घरी कॉम्प्युटर कोनाजवळ आहे?"

मी दिवस मोजले. ती भंडाऱ्याला गेली होती तो बुधवार. तिने पेटी ओढून आणली होती तो त्यानंतरचा शुक्रवार.

"म्हनजे पडदे दाखवले तवा तुले..."

"मालूम होतं. म्हूनच दाखवले." आता तिने माझ्याकडे पाहिलं. "मी परतीच्या बसमध्ये म्हटलं, ताईकडूनबी याह्यनं काहीतरी सांगून करून घेतलं असन. ताईले समोर पडदे दिसले त तिले सांगाले सोपं जाईन. सांगतलं असतं त मी तुह्याजवळ बसून रडली असती." तिने सूप झटकलं. "तू म्हनली, दिवाळीनंतर निघतीन."

मी काहीतरी बोलायला लागले. मी घाबरले होते, आधी दादाला विचारायचं होतं, मलाही त्या क्षणीच कळलं होतं. यातलं काही खोटं नव्हतं. तिने मला बोलू दिलं. मधेच भात खाली लागल्याचा वास आला, तेव्हा ती उठली, भात उतरवला आणि डाळ शिजायला टाकली. पुढे तासाभराने बाबा बांधीतून आले. तिने त्यांचे पाय धुवायला पाणी ठेवलं, पानं वाढली, बाबांचं, माझं आणि स्वतःचं. "ताई, तुमी बसा जेवाले," अशी मला हाक मारली. मी जाऊन बसले आणि जेवले.